प्रवासातला गारवा

जाळावर गार होणारे यंत्र मी उभ्या आयुष्यात प्रथम पाहिले ते कंधारच्या तळ्याकाठी, आणि तेही बिघडलेल्या अवस्थेत.

त्याचे असे झाले. मे महिन्यात लातूरला भाचीचे लग्न होते. नांदेडहून लातूर म्हणजे एरवी तीन-साडेतीन तासांचा रस्ता. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकीत एस्. टी. जाते आणि सकाळी निघालेला माणूस दुपारच्या पंगतीला लातुरात हजर होतो. पण आमच्या आबांना आताशा बसून प्रवास सोसत नाही. तासाभराने आडवे व्हावेच लागते. त्यात मधुमेह, आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन. तेव्हा धाकट्या भावाने युक्ती काढली. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅनच्या पर्यटनाचे धोरण आखल्यापासून घरासारख्या मोटारी अधूनमधून आपल्याकडेही भाड्याने मिळू लागल्या आहेत. तशी एक त्याने ठरवली. आत दोन पलंग, एक ओटा, एक मोरी आणि ओट्याखाली गुडघ्याएवढा फ्रीज. मालकाने तो जुना परदेशी फ्रीज मोठ्या हौसेने बसवून घेतला होता. वीज असेल तेथे विजेवर, गाडी चालत असेल तेव्हा गाडीच्या बॅटरीवर, आणि गाडी उभी असेल तेव्हा गॅसच्या ज्योतीवर, असा तो तिन्ही त्रिकाळ चालणार होता.

मुलांना कंधारचा किल्ला पाहायचा होता, म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळीच निघालो. रात्री तळ्याच्या बाजूला एका मोकळ्या उतारावर गाडी लावली. वारा छान येत होता. फ्रीजमध्ये आबांच्या इन्सुलिनच्या तीन नव्या कुप्या होत्या, आणि हिने लग्नघरी श्रीखंडासाठी म्हणून रात्र जागून बांधलेल्या चक्क्याचे मोठे पातेले होते. सकाळी दार उघडले तो आंबूस वासाचा एक भपका अंगावर आला. कुप्या हाताला कोमट लागल्या.

“मास्तर, दिवा लागायलाय, जाळ बी पेटलाय, पण गार काही व्हईना,” असे म्हणून ड्रायव्हरभाऊंनी कानाला हात लावले. धाकट्या चिरंजीवाने विचारले, “बाबा, पण जाळाने गार होतेच कसे?” तीस मुलांच्या वर्गात असा प्रश्न आला असता तर मी त्याला ‘उद्या सांगतो’ म्हणून बसवले असते. येथे ती सोय नव्हती.

हिने मात्र प्रश्नोत्तरांत वेळ घालवला नाही. कंधारच्या बाजारातून लहानसा माठ आणला, कुप्या एका कोरड्या डबीत घालून झाकण घट्ट लावले, डबी माठात ठेवली आणि माठाला ओले फडके गुंडाळून तो खिडकीपाशी वाऱ्यावर ठेवला. आबा म्हणाले, “आमच्या आईनं बी हेच केलं असतं.” आईनेच कशाला? फ्रँस्वा बर्निये नावाचा एक फ्रेंच वैद्य १६६४ च्या अखेरीस औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर दिल्लीहून काश्मीरकडे निघाला होता, त्यानेही हेच केले होते. त्याच्या प्रवासवर्णनात कथलाच्या सुरयांचा उल्लेख येतो. सुरईला कापडाची पिशवी चढवायची, ती सारखी ओली ठेवायची आणि सुरई वाऱ्यावर हलती ठेवायची. कापड ओले आहे आणि वारा लागतो आहे तोवर आतले पाणी गार. कापड वाळले की सारा खेळ संपला. बादशाही छावणीतल्या पाण्याची एवढी साधी कथा आहे.

छावणी म्हटली की आम्हा नांदेडकरांना १७०८ साल आठवतेच. त्या वर्षी बहादुरशहाची छावणी गोदावरीकाठी आली आणि तिच्याबरोबर गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण एवढी हजारो माणसे, हत्ती, घोडे दक्षिणेच्या उन्हातून चालत असता पिण्याचे पाणी कोण सांभाळी, याकडे आपण इतिहास शिकवणारे लोक सहसा पाहत नाही. ते काम आबदारखान्याचे. आपल्याकडेही राज्याच्या अठरा कारखान्यांत जामदारखाना, तोफखाना यांच्या पंक्तीला आबदारखाना बसलेला आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश झाला त्या काळापासून हे शब्द आपल्या दप्तरांत आहेत. पाणी गार ठेवणे ही चैन नसून राज्यकारभाराचे एक खाते होते असा त्याचा अर्थ मी घेतो.

अकबराच्या आबदारखान्याची हकीकत तर अबुल फजलने आईन-इ-अकबरीत सविस्तर लिहून ठेवली आहे. तेथे ओल्या कापडावर भागत नसे. पाण्यात सोरा विरघळवायचा आणि त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची तोंडबंद सुरई फिरवीत राहायची. सोरा विरघळताना भोवतीची उष्णता ओढून घेतो, म्हणून सुरईतले पाणी गार होते. बंदुकीच्या दारूत जो सोरा जाळ काढतो तोच येथे गारवा देतो, याचे अबुल फजललाही कौतुक वाटले होते. दरबार लाहोरला असता उत्तरेच्या डोंगरांतून होड्यांनी, गाड्यांनी आणि हमालांच्या डोक्यावरून बर्फही येत असे. पण सोऱ्याची एक अडचण होती. सगळा विरघळला की काम थांबले. मग ते पाणी आटवून सोरा पुन्हा वेगळा काढायचा, वाळवायचा आणि पुन्हा वापरायचा. म्हणजे गारव्यासाठी चूल पेटवणे आलेच! आमच्या चिरंजीवांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला येथेच मिळाले.

आपण सारेच बोलताना एक चूक करतो. ‘गारवा भरून ठेवला’, ‘गारवा निघून गेला’ असे म्हणतो, जणू गारवा म्हणजे डब्यात भरण्याची वस्तू आहे. वस्तू असते ती उष्णता. तिला बाहेर जायला वाट दिली की मागे जे उरते त्याला आपण गारवा म्हणतो. माठ हेच करतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी ती आतल्या पाण्याकडून वसूल करते. मराठवाड्याचा मे महिना कोरडा असतो. वाफेला हवेत भरपूर जागा असते. म्हणून नांदेडचा माठ हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज गार पडतो. तोच माठ कोकणातल्या माझ्या साडूंच्या घरी नेला तर दिवसभर घाम गाळीत बसतो आणि पाणी कोमटच राहते. बिचाऱ्याचा दोष नाही. तेथली हवा आधीच पाण्याने भरलेली.

पूर्वी मोटारींच्या, जीपगाड्यांच्या पुढे कॅनव्हासची छागळ टांगलेली असे. ती आता पाहायलाही मिळत नाही. आबा सांगतात, नवी छागळ आणली की आधी ती दोन दिवस पाण्यात भिजवून ठेवीत. वीण फुगली की मग नेमकी पाझरे, गळत नसे. आणि गाडी धावू लागली की वाऱ्याने पाणी अधिकच गार होई. प्रवासात अधिक चांगली चालणारी गारव्याची अशी युक्ती दुसरी नाही. छागळ ‘बिघडे’ ती दोनच कारणांनी: कॅनव्हासला तेल-ग्रीस लागून छिद्रे बुजली तर, नाहीतर कुणी शहाण्याने ‘पाणी वाया जाते’ म्हणून तिच्यावर मेणकापड चढवले तर. फिरकीचा तांब्या आम्ही सगळ्यांनी वापरला आहे. पितळेचा, देखणा, झाकण पिळून लावले की थेंब सांडायचा नाही. पण त्यातले पाणी परभणीपर्यंतच चहाचे होई. पितळेला पाझर कुठला?

नांदेडला आगगाडी आली १९०० च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाड आणि सिकंदराबाद जोडले तेव्हा. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची छोटी गाडी १९११ साली पोचली. त्या गाडीने प्रवास केलेल्यांच्या आठवणींत धूर, कोळशाचे कण आणि तहान या तीन गोष्टी हटकून येतात. मोठ्या लोहमार्गांवर वरच्या वर्गाचे लोक खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे लावीत, किंवा डब्यात पत्र्याच्या टबात बर्फाची लादी ठेवीत. १९३४ साली मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलला हवा गार ठेवणारा डबा जोडला गेला, तोसुद्धा बर्फावरच चाले. डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरीत, त्यांवरून पंख्याने हवा आत सोडीत आणि वाटेतल्या ठरावीक स्टेशनांवर नव्या लाद्या चढवीत. स्टेशनावर बर्फ यायला उशीर झाला तर आतल्या साहेबलोकांची काय अवस्था होत असेल याची कल्पना करून मला थोडे समाधान वाटते, हे कबूल केले पाहिजे.

बर्फ प्रवासात न्यावा कसा हे जगाला शिकवले ते फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने. तिकडची तळी हिवाळ्यात गोठतात. तो बर्फ करवतीने कापून त्याने थेट हिंदुस्थानात पाठवला. १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि दोनदा विषुववृत्त ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्याला लागले. तेव्हा त्यात शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. चार महिने उन्हातून! पुढच्या वर्षी मुंबईलाही असा बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि दुसऱ्या दिवशी यजमानांना नि पाहुण्यांना पडसे झाले, अशी त्या काळची हकीकत प्रसिद्ध आहे. ट्यूडरची विद्या तीन गोष्टींत होती. ठोकळे चौकोनी कापून एकमेकांना घट्ट भिडवायचे, म्हणजे हवा शिरत नाही. भोवती लाकडाचा भुसा भरायचा. आणि वितळलेले पाणी साचू द्यायचे नाही, कारण पाण्यात बसलेला बर्फ लवकर जातो. आमच्या लहानपणी बसस्टँडवरचा गोळेवाला लादीवर भुसा नि गोणपाट टाकी, तेव्हा तो बोस्टनची विद्या नांदेडला चालवीत होता. वितळणारा बर्फ ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता गिळतो. माठाच्या वाफेपुढे ती कितीतरी कमी. तरी शून्य अंशापर्यंत खाली उतरवण्याची ताकद बर्फाची, माठाची नव्हे.

आइस्क्रीम नि सरबत यांत थोडे चुकले तर पडशावर निभावते. पण ट्यूडरच्या जहाजाआधी तीस वर्षे एक वेगळाच माल उन्हातून मुंबईकडे निघाला होता आणि त्याच्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते. जेन्नरने शोधलेली देवीची लस हिंदुस्थानात आणण्याची खटपट चालली होती. दोरे लसीत बुडवून, वाळवून, काचेच्या पट्ट्यांत बंद करून पाठवीत. पण इराकच्या उन्हातून येताना ती मरून जाई. तेव्हा बर्फही नव्हता आणि यंत्रही नव्हते. शेवटी माणसाचे अंग हीच पेटी ठरली. एका मुलाला टोचायचे, आठवड्याने त्याच्या फोडातली लस दुसऱ्याला द्यायची, त्याची तिसऱ्याला. अशी हातोहात लस व्हिएन्नाकडून बगदाद, बसऱ्यामार्गे मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावरून ती पुढे देशभर गेली. त्या साखळीतल्या इतर बहुतेक मुलांची नावेसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. वर्गात हा भाग शिकवताना मी येथे थोडा थांबतो.

त्या मुलांच्या जागी पुढे आरोग्यसेविकेच्या खांद्यावरची निळी पेटी आली. १९७८ पासून लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम देशात सुरू झाला, १९८५ पासून तो सर्वांसाठी झाला, १९९५ पासून पोलिओचे डोस देण्याचे दिवस ठरले. लातूर-नांदेडच्या तांड्यांवर, वाड्यांवर ज्या बाया ही पेटी घेऊन चालत गेल्या त्यांची विद्या ट्यूडरपेक्षा बारीक आहे. पेटीत चार बाजूंना बर्फाच्या चार चपट्या पिशव्या. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. उष्णतेने पोलिओची लस जाते. पण डांग्या खोकल्याची, धनुर्वाताची लस गोठली तरी जाते. म्हणून बर्फाची पिशवी शीतपेटीतून काढली की लगेच आत ठेवायची नाही. थोडा वेळ बाहेर ठेवायची आणि कानाशी धरून हलवायची. आत पाण्याचा खळखळ आवाज आला की ती शून्याच्या खाली नाही हे कळले. मी एकदा शाळेच्या व्हरांड्यात एका सेविकाताईंना असा बर्फ कानाला लावून ऐकताना पाहिले होते. तेव्हा मला ते पोरकटपणाचे वाटले होते. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला त्यात त्या कान देऊन ऐकण्याचा वाटा आहे, हे मला उशिरा कळले.

आता जाळाकडे वळू. अमोनिया नावाचा एक वायू आहे. नवसागर आणि चुना हातावर चोळून बेशुद्ध माणसाला हुंगवीत, तो नाकात झणझणणारा वास याचाच. पाण्याला हा वायू फार प्रिय. एक माप पाणी सुमारे सातशे मापे अमोनिया पिऊन टाकते. पाणी तापवले की तो बाहेर पडतो. तो दाबाखाली निववला की पातळ होतो, आणि पातळ अमोनियाची पुन्हा वाफ होऊ लागली की माठावरच्या पाण्याप्रमाणे तो भोवतीची उष्णता ओढतो. मात्र माठापेक्षा कितीतरी खालपर्यंत. या स्नेहावर बर्फाचे यंत्र बांधले ते फर्दिनां कारे या फ्रेंच माणसाने, १८५९ साली. पण त्यात पंप लागे. पुढे १९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातल्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी पंपच काढून टाकला. बंद नळ्यांच्या मंडळात त्यांनी अमोनिया नि पाणी यांच्या जोडीला हायड्रोजन सोडला. खाली एक ज्योत लावली की अमोनिया पाण्यातून सुटून बुडबुड्यांसह वर चढतो, वरच्या नळ्यांत थंड होऊन पातळ होतो, तेथून उतरून फ्रीजच्या पोटात हायड्रोजनच्या संगतीत त्याची वाफ होते, आणि मग खाली पाणी त्याची वाट पाहत असतेच. एकही चाक नाही, पट्टा नाही, आवाज नाही. १९२५ साली इलेक्ट्रोलक्स कंपनीने हा शोध विकत घेतला. आइनस्टाइन नि झिलार्ड यांनीही अशाच बिनचाकाच्या फ्रीजवर काही वर्षे खर्च केली आणि १९३० साली अमेरिकेत पेटंट मिळवले. बर्लिनच्या एका कुटुंबाला फ्रीजच्या गळक्या वायूने मृत्यू आला ही बातमी वाचून ते त्यात पडले असे सांगतात. त्यांचा फ्रीज बाजारात आला नाही. पोरांचा आला, आणि वीज नसलेल्या चहाच्या मळ्यांत, मिशनच्या दवाखान्यांत घासलेटच्या वातीवर वर्षानुवर्षे चालला. आमच्या भाड्याच्या मोटारीत बसला होता तो त्याच घराण्यातला.

पण हे ज्ञान मला त्या सकाळी नव्हते. आम्ही निघालो, आणि अहमदपूरला चौकशी करता करता एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या दुकानापर्यंत पोचलो. मिस्त्रीमामांनी फ्रीजला हात लावायच्या आधी विचारले, “रातच्याला गाडी कुठं लावली व्हती?”

“कंधारला, तळ्याकाठी.”

“जमीन कशी व्हती?”

मी भावाकडे पाहिले, भावाने ड्रायव्हरभाऊंकडे. मामांनी एका ताटलीत पाणी घेऊन ती फ्रीजच्या आत, बर्फाच्या कप्प्यात ठेवली. म्हणाले, “हे पाणी तिरपं दिसलं की समजा, आतलं पाणी बी तिरपंच. ह्याला पंप न्हाई, मास्तर. हे उतारानं वाहतं. गाडी वाकडी उभी ऱ्हायली की पाणी भलत्याच कोपऱ्यात बसतं, खालची हंडी कोरडी पडते, नि जाळ नुसती कोरडी हंडी भाजत बसतो.”

“मग रस्त्यावर गाडी इतकी हिंदकळते, तेव्हा कसे चालते?”

“हिंदकळते म्हणूनच चालतं. घडीला इकडं, घडीला तिकडं. कुठंच साचत न्हाई. उभी गाडी वाईट.”

मग ते गाडीच्या मागे गेले आणि थबकले. बाहेरच्या अंगाला फ्रीजच्या दोन जाळ्या होत्या, एक खाली, एक वर. तेथून ऊन आत येते म्हणून आमच्या चिरंजीवांनी वरच्या जाळीवर चटई बांधली होती. चांगली घट्ट, शाळेत शिकवलेल्या गाठीने. “खालून गार वारा जायचा, वरून ऊन वारा निघायचा,” मामा म्हणाले, “तुम्ही धुराड्यालाच बोळा घातला की!” छागळीवर मेणकापड चढवणारा शहाणा मला तेथे आठवला. दार लावून आत आपण काय करतो यापेक्षा मागच्या बाजूने उष्णता सुटते की नाही यावर सारे आहे, हे तीनशे वर्षांपूर्वी ओले फडके वाऱ्यावर हलवणाऱ्या भोयाला कळत होते.

मामांनी ज्योत विझवून तासभर सगळे निवू दिले. एका बाजूच्या चाकांखाली फळ्या देऊन ताटलीतले पाणी सपाट केले. ज्योतीच्या तोंडावरची काजळी बारीक ब्रशने काढली. ज्योत पिवळी होती ती निळी झाली. मग मागच्या नळ्यांना वैद्य नाडी पाहतो तसे पंजे लावून उभे राहिले. वरच्या नळीला ऊब चढते आहे हे कळल्यावरच त्यांचा चेहरा सैल झाला. नवसागराचा वास सुटला असता किंवा नळीपाशी पिवळी भुकटी सांडलेली दिसली असती तर दारे-खिडक्या उघडून सगळ्यांनी लांब व्हायचे आणि हा फ्रीज गेला म्हणून समजायचे, असे त्यांनी सांगितले. नळीला आतून गंज चढू नये म्हणून घातलेली क्षारे कोरड्या जाळाने करपून बसली तर वाट कायमची बुजते. आमची एकच रात्र गेली होती, म्हणून निभावले. आणखी दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. गाडी चालू असताना जाळ बंद, गॅसची टाकी बंद, बॅटरीवर चालवायचे. पेट्रोलपंपावर तर जाळाचे नावसुद्धा नको. आणि कोमट पातेले आत ठेवायचे नाही. “हे गार ठेवतं, गार करायला ह्याला रात लागते. तुमचा चक्का एवढा, ते एवढंसं.”

पैसे विचारले तर म्हणाले, “फळ्या परत द्या म्हंजे झालं.” हिने बळेच त्यांच्या नातवाच्या हातात काही ठेवले.

दुपारी तीनला चाकूर मागे पडले. बाहेर बेचाळीस अंश होते. एवढ्या उन्हात अमोनियाचा फ्रीज मुळातच दमतो, कारण उष्णता टाकायची कुठे? बाहेरही तीच. पण माठाला ते ऊन उलट मानवत होते. मधे मी हात घालून पाहिला. डबी चांगली गार लागली. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने १९९० च्या दशकात एका मडक्यात दुसरे मडके बसवून मधे ओली वाळू भरण्याची युक्ती गावोगाव पोचवली. तिच्यात भाजी आठवडे टिकते आणि जगाने त्याचा मोठा गौरव केला. तो गृहस्थ शिक्षक होता हे वाचून मला उगाचच बरे वाटले होते. आपल्याकडे फ्रीज नसलेल्या घरांत इन्सुलिन माठात ठेवण्याचा सल्ला डॉक्टर आजही देतात. बर्फाला चिकटून ठेवू नये एवढेच. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते.

लातुरात पोचल्यावर पहिल्यांदा डॉक्टरांना कुप्या दाखवल्या. त्यांनी उजेडात धरून पाहिल्या. एक रात्र कोमट राहिल्या असल्या तरी चालतील, पण आता याच आधी वापरा, महिन्याच्या आत संपवा आणि साखर वरचेवर तपासा, असे म्हणाले. चक्क्याचे मात्र काही करता येण्यासारखे नव्हते. बहिणीने तो घुसळून दीडशे माणसांची कढी केली, आणि व्याह्यांनी दोनदा मागून घेतली. श्रीखंड ठरले होते हे त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही.

फ्रीजचे म्हणाल तर गाडी बहिणीच्या अंगणात ताटली ठेवून सपाट लावली आणि दुसऱ्या सकाळी कप्प्यातल्या पेल्यावर बर्फाची पापडी धरली होती. भावाने विजयी मुद्रेने आबांना ती नेऊन दाखवली आणि कुप्या परत फ्रीजमध्ये ठेवू का म्हणून विचारले. आबांनी पापडी बोटाने मोडली, पेला बाजूला ठेवला, आणि माझ्या पिशवीतला खडू मागून घेऊन लग्नघरातल्या कुणी चुकून त्या माठाचे पाणी ओतून टाकू नये म्हणून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘औषध’.